गुलाबी रंग येतो कुठून? पक्षी, फुलपाखरं आणि बंदराच्या छायाचित्रांविषयी

(कॉटन ग्रीन येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं संक्षेपाने दिली आहेत.)



आज मी एका लाडक्या छंदावर टीका करणार आहे. टीका म्हणजे निंदा नव्हे. ज्या गोष्टीबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही तिच्यावर कुणी टीका करत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं. तेव्हा समोर जे गळ्यात कॅमेरा अडकवून बसलेत त्यांनी रागावू नये. (हशा)

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या भागात एक नवी जमात तयार झाली आहे. रविवारी पहाटे हार्बर लाइनने शिवडीला उतरायचं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात, आणि जेट्टीवर जाऊन फ्लेमिंगोचे फोटो काढायचे. परत येताना झाडावरचा तांबट, दयाळ, सूर्यपक्षी. घरी गॅलरीतल्या कुंडीवर फुलपाखरू बसलं तर तेही. आणि संध्याकाळी गेटवे, मावळतीचा उजेड, समोर बोटी. माणसं बँकेत, शाळेत, गोदीत नोकऱ्या करून निवृत्त झालेली किंवा अजून करणारी आहेत. त्यांचं मला कौतुक आहे. पन्नाशीनंतर बघायला शिकणं ही साधी गोष्ट नाही.

पण हे फोटो शेकड्याने पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. सगळ्यांत चांगला म्हणून जो निवडला जातो, ज्याला कॅलेंडरवर जागा मिळते, त्यात पक्षी लख्ख असतो आणि मागे काहीही नसतं. हिरवट किंवा राखाडी धुकं. पक्ष्याचं एकेक पीस मोजता येतं, पण तो कुठे बसला आहे ते सांगता येत नाही. तो शिवडीचा असेल, भरतपूरचा असेल, आफ्रिकेतला असेल. छायाचित्रकार मंडळी अभिमानाने म्हणतात, "बॅकग्राउंड कसं क्लीन आलंय बघा." आजचा माझा सगळा वाद या 'क्लीन' शब्दाशी आहे.

आधी यंत्राचं बोलू, कारण सौंदर्यदृष्टी म्हणून आपण जे मिरवतो त्यातलं पुष्कळसं यंत्राने ठरवलेलं असतं. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, ॲपर्चर जितकं मोठं आणि वस्तू जितकी जवळ, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. पक्षी लाजरा असतो, जवळ येऊ देत नाही, म्हणून लांब पल्ल्याची लेन्स लागते. आणि ती लावली की मागचं आपोआप पुसट होतं. म्हणजे मुळात ही एक अडचण होती. तिचं आपण वैभव केलं. गंमत बघा, मोबाइलच्या चिमुकल्या कॅमेऱ्यात जवळचं-लांबचं जवळजवळ सगळंच स्पष्ट येतं. मग कंपन्यांनी काय केलं? 'पोर्ट्रेट मोड' दिला. जे पुसट नव्हतं ते हिशोब करून पुसट करायचं. पैसेवाल्याच्या लेन्सचा दोष गरिबाच्या फोनमध्ये मुद्दाम घातला, कारण तोवर दोषाची प्रतिष्ठा झाली होती.

इतिहासही थोडा पाहू. १८८२ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने उडत्या पक्ष्यांच्या अभ्यासासाठी एक कॅमेरा बनवला. तो चक्क बंदुकीच्या आकाराचा होता. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. सेकंदाला बारा चित्रं. आजही आपण 'शूट' म्हणतो, 'शॉट मिळाला' म्हणतो. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, हे सुझन सोंटागने १९७७ च्या 'ऑन फोटोग्राफी'त लिहिलं आहे आणि ते आता सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात एक भर घालायची आहे. शिकाऱ्याने मारलेलं जनावर भिंतीवर लावतात तेव्हा फक्त मुंडकं लावतात. जंगल लावत नाहीत. बंदूक गेली, पण भिंतीवर मुंडकं लावायची ती रीत राहिली.

आणि हे अपरिहार्य होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये किअर्टन बंधूंनी १८९५ मध्ये 'ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स' हे पुस्तक काढलं, जागेवर जाऊन घेतलेल्या छायाचित्रांचं. तेव्हाचे जड कॅमेरे, मंद काचा. पक्षी टिपणं जवळजवळ अशक्य. म्हणून त्यांनी घरटी टिपली. घरटं म्हणजे काय? पक्षी आणि जागा यांचा करार. पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवात या कराराच्या चित्रांनी झाली. आज घरट्याजवळ कॅमेरा नेऊ नये असं सगळे जाणते सांगतात, ते योग्यच आहे. पण घरटं टाळताना आपण जागाही टाळली.

आता तत्त्वज्ञानाकडे. घाबरू नका, पाचच मिनिटं. (हशा)

मराठीत सौंदर्यशास्त्राची चर्चा फार वरच्या दर्जाची झाली आहे, आपण ती विसरलो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या, लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी. अलौकिकतावादी म्हणतो, सौंदर्याचा अनुभव रोजच्या व्यवहारापासून तुटलेला, स्वतंत्र असतो. त्यामागे कांट उभा आहे: जो आनंद वस्तू मिळवण्याच्या किंवा वापरण्याच्या इच्छेशी बांधलेला नाही तो सौंदर्याचा आनंद. लौकिकतावादी म्हणतो, नाही, कलेला जीवनातून वेगळं काढता येत नाही.

'क्लीन बॅकग्राउंड' हा अलौकिकतावादाचा बाजारू अवतार आहे. त्याला वाटतं, पक्षी चिखलापासून, चिमणीपासून, कुंपणापासून सोडवला की तो सुंदर झाला. पण कांटचं म्हणणं असं नव्हतं. तो इच्छा बाजूला ठेवायला सांगतो, जग बाजूला ठेवायला नाही. आणि मर्ढेकरांना साक्षीला बोलावलं तर तेही या धुक्याच्या बाजूने बोलणार नाहीत. संवाद, विरोध आणि समतोल या लयींवर त्यांनी सौंदर्याचा विचार उभा केला. विरोध व्हायला दोन गोष्टी लागतात. शिवडीच्या राखाडी चिखलावर गुलाबी पक्षी, त्यामागे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या, हा विरोध डोळ्यांसमोर उभा असताना त्यातला एक पक्ष पुसून टाकला तर लय कुठून येणार? तेव्हा माझी तक्रार नीतीची आहेच, पण आधी ती सौंदर्याची आहे. हे फोटो पुरेसे सुंदर नाहीत.

आता फ्लेमिंगोवर जरा थांबू. रोहित म्हणा, अग्निपंख म्हणा. आपल्याकडे येतात त्यांत बहुसंख्य धाकटे रोहित. ते इथे अंडी घालत नाहीत. त्यांच्या विणीची जागा कच्छच्या रणात. इथे ते जेवायला येतात. मान खाली, चोच उलटी पाण्यात, आणि चिखलाळ पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म नील-हरित शैवाल खायचं. त्या शैवालातल्या रंगद्रव्यामुळे पिसांना गुलाबी रंग येतो. पिल्लू गुलाबी जन्मत नाही. करडं असतं आणि रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. तुमच्या फोटोतून 'हे जरा फिके आहेत' म्हणून जे पक्षी गाळले जातात ते बहुधा तरुण पक्षी असतात, नुकते जेवायला शिकलेले.

आणि हे शैवाल ठाण्याच्या खाडीत एवढं का फोफावतं? एक मोठं कारण म्हणजे आपलं सांडपाणी. त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर ते पोसतं. म्हणजे हिशोब असा: मुंबईच्या मोऱ्या, खाडीचा चिखल, त्यातलं शैवाल, मग पक्षी, आणि मग तुमच्या भिंतीवरचा गुलाबी रंग. जो राखाडी रंग तुम्ही चौकटीबाहेर काढला त्याच्यापासूनच हा गुलाबी बनला आहे. यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की सांडपाणी सोडत राहावं. अति झालं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सगळंच मरतं. माझा मुद्दा इतकाच की या पक्ष्याबद्दल काहीही खरं बोलायचं तर चिखल वगळून बोलता येत नाही.

हा प्रश्न नुसता कलेचा का नाही ते आता सांगतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्यात छायाचित्रकारांनी लोकांच्या मनात निर्माण केलेल्या प्रेमाचा वाटा आहे, तो मी नाकारत नाही. पण अभयारण्य ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत आहे. शिवडीचा चिखल त्यात नाही. इथे १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला, जवळपास बावीस किलोमीटरचा, आणि त्याचं हे टोक शिवडीच्या या पट्ट्यावरच आहे. तिकडे नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवते, चौकाचौकांत गुलाबी पुतळे आहेत. त्याच शहरात, नेरुळच्या डीपीएस तलावापाशी, २०२४ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंगो दगावले आणि भरतीचं पाणी तलावात येण्याचे मार्ग बंद झाल्याची तक्रार निसर्गप्रेमींना करावी लागली. पक्षी सगळ्यांना हवा आहे. पुतळ्यातला तर फारच हवा आहे. पाणी येण्याची वाट कुणाच्या फोटोत नाही.

एक विचार करून पाहा. उद्या एखाद्या सुनावणीत कुणी विचारलं की दहा वर्षांपूर्वी इथे पाणी कुठवर यायचं, तिवरं कुठवर होती, तर आपल्याकडे लाखो फोटो असतील. आणि उत्तर एकातही नसेल, कारण मागे धुकं आहे.

आता परसातले पक्षी. कॉटन ग्रीनला परस कुठला? चाळीला परस नसतो, गॅलरी असते. आपलं परस म्हणजे पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीतली झाडं, रेल्वेच्या हद्दीतला पिंपळ, धान्याच्या गोदामांबाहेर सांडलेले दाणे टिपणारे पारवे आणि चिमण्या. मालकी दुसऱ्याची, पक्षी सगळ्यांचे. यातला तांबट घ्या. मुंबईचा शहरपक्षी. तांब्यावर हातोडी पडावी तसा एकसुरी आवाज, म्हणून तांबट. कारागिराचं नाव पक्ष्याला देणारी आपली भाषा. हिरवा अंग, कपाळावर लाल टिळा. फोटो फार गोड येतो. हा पक्षी घर करतो ते वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीत चोचीने भोक पाडून. पावसाळ्याआधी छाटणीत पहिली जाते ती वाळकी फांदी. धोकादायक असेल तर काढलीच पाहिजे, माणसाचा जीव आधी. पण प्रत्येक वाळकी फांदी धोकादायक नसते. ती 'मेलेली' आहे, 'वाईट दिसते', म्हणून आपली सोसायटी अर्ज करते. आणि अर्जावर सही करणाऱ्यांच्या फोनवर तांबटाचा फोटो वॉलपेपर असतो!

फुलपाखरांचं याहून सोपं आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. त्याचे भाऊबंद, कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय, आपल्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अंडी घालतात. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शत्रूला फसवायची ती युक्ती आहे, पण फसतो आपण. पान खाल्लेलं दिसलं की अळी चिमट्याने उचलून खाली, नाहीतर फवारा. आणि मग तक्रार, "हल्ली फुलपाखरं दिसत नाहीत हो." फुलावरचं फुलपाखरू सुंदर आणि पानावरची अळी किळसवाणी, असे दोन प्राणी निसर्गात नाहीत. एकच आहे. कुरतडलेल्या कढीपत्त्याचा फोटो मी अजून कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेला नाही.

शेवटचा भाग बंदराचा. इथे पार्श्वभूमी म्हणजे माणसं.

मुंबईच्या बंदराचं चित्र म्हटलं की गेटवे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला तेव्हा हा दरवाजा बांधलेलाच नव्हता. पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती. खरी वास्तू खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे ती पहिल्या दिवसापासून दाखवण्यासाठीच होती. तिथून माल कधी चढला-उतरला नाही. खरं बंदर तिच्या उत्तरेला, भिंतींच्या आड: गोद्या, गोदामं, रुळांचे फाटे, आणि आपलं हे कॉटन ग्रीन. आत फोटोला मनाई, म्हणून शहराच्या आठवणीत बंदराचा चेहरा उरला तो शोभेच्या दरवाजाचा.

आपल्या स्टेशनच्या नावाचीच गोष्ट बघा. नव्या माणसाला वाटतं, कॉटन एक्स्चेंजची इमारत हिरवी म्हणून 'ग्रीन'. तसं नाही. ग्रीन म्हणजे गवताचं मैदान. फोर्टात सेंट थॉमस चर्चसमोर जे मोकळं मैदान होतं तिथे कापसाच्या गाठींचे ढीग लागत. पुढे बाजार कुलाब्याला गेला, आणि विसाव्या शतकात पोर्ट ट्रस्टने भर घालून केलेल्या या जमिनीवर आला. मैदान मागे राहिलं, नाव गाठींबरोबर गाडीत बसून आलं. त्या गाठी ज्यांच्या पाठीवरून गेल्या ते माथाडी. ज्यांच्या मागावर गेल्या ते परळ-लालबागचे गिरणी कामगार. माथाडींच्या नावाने १९६९ मध्ये कायदा झाला. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, आणि त्यानंतरचं तुम्हाला मी सांगायला नको, या सभागृहात निम्मी घरं त्यातली आहेत.

आज वास्तूंचे फोटो काढणारे कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीचे फोटो काढतात, आणि काढावेत, आर्ट डेको शैलीची देखणी इमारत आहे. पण ते रविवारी सकाळी काढतात. रस्त्यावर ट्रक नको, हातगाडी नको, चहावाला नको. इमारत 'क्लीन' मिळते. मग तो फोटो पाहणाऱ्याला वाटतं, अरे, इतकी जागा मोकळी पडली आहे! पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाच्या चर्चा बरीच वर्षं चालू आहेत. अशा चर्चांत दाखवतात ती संगणकावरची चित्रं आठवा: निळं पाणी, पांढरे पक्षी, फिरायला आलेली माणसं. त्यात ओहोटी कधीच नसते आणि कुणी ओझं उचललेलं नसतं. आपण छंद म्हणून पार्श्वभूमी पुसतो, आणि आपल्या नकळत त्या चित्रांची सवय डोळ्यांना लावतो.

मी असं म्हणत नाही की लांब पल्ल्याची लेन्स विका. ओळख पटवायला एकटा, स्पष्ट पक्षी लागतोच. त्याशिवाय नोंद होत नाही, आणि हौशी लोकांच्या नोंदींचा अभ्यासकांना उपयोग होतो. नाव कळणं ही प्रेमाची पहिली पायरी आहे. पण आपण पहिल्या पायरीवर चटई टाकून बसलो आहोत. म्हणून माझी सूचना साधी आहे. जवळचा एक फोटो काढलात की दोन पावलं मागे या आणि त्याच प्राण्याचा दुसरा काढा, ज्यात तो कुठे आहे, काय खातो आहे आणि शेजारी कोण आहे हे दिसेल. दोन्ही एकत्र दाखवा. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, हे खाली लिहा. दुसरा फोटो पहिल्यापेक्षा काढायला अवघड आहे, हे तुम्हाला लगेच कळेल. चिमणी, चिखल आणि पक्षी यांना एका चौकटीत बसवायला खरी नजर लागते. धुकं करायला पैसे पुरतात.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, दिवसभर गोंगाटात राहतो आम्ही. फोटोत तरी तो नको वाटतो. यात चूक काय?

उत्तर : चूक काहीच नाही. थकलेल्या माणसाला विसावा हवा. पण तुम्हाला विसावा देणारा तो पक्षी त्याच गोंगाटात राहतो, तिथेच पिल्लं वाढवतो. मला वाटतं हे दिसलं तर धीर जास्त येतो. तो रानातून आलेला पाहुणा नाही, तुमचा शेजारी आहे.

प्रश्न : पार्श्वभूमी दाखवली की स्पर्धेत बक्षीस मिळत नाही, हा अनुभव आहे.

उत्तर : मग परीक्षकांना माझ्या व्याख्यानाला पाठवा. (हशा) गंभीरपणे सांगायचं तर बक्षिसाचे निकष आभाळातून पडत नाहीत. तुमच्याच मंडळांत, तुमच्याच वार्षिक प्रदर्शनात एक भिंत 'दुसऱ्या फोटोंची' ठेवा. शिवडीचा चिखल, वाळकी फांदी, कुरतडलेला कढीपत्ता, दुपारी बाराची गोदामाची गल्ली. लोक कुठल्या भिंतीपुढे जास्त वेळ थांबतात ते मोजा. मग आपण पुन्हा भेटू आणि पुढचा वाद घालू.